बोर्डो म्हटलं की कॅबरने, मेंडोझा म्हटलं की माल्बेक, मग नाशिक म्हटलं की कोणतं द्राक्ष?

मोहाडीकर:

नमस्कार मंडळी. घरची बाग थॉमसनची, म्हणजे खायच्या बिनबियांच्या द्राक्षाची, लहानपणापासून द्राक्षातच वाढलोय, पण वाइनमधलं आपल्याला काही कळत नव्हतं, यंदाच्या सीझनला गंगापूर धरणाच्या बाजूला एका वायनरीत टेस्टिंगच्या काउंटरला लागलोय आणि पाहुणे रोज डोकं खातात.

आम्हाला ट्रेनिंगमध्ये एक तक्ता दिलाय, डावीकडे प्रदेश उजवीकडे द्राक्ष. बर्गंडीसमोर पिनो न्वार, मोझेलसमोर रीसलिंग, रिओहासमोर टेम्प्रानियो, बरोलोसमोर नेब्बिओलो, बरोसासमोर शिराझ, मार्लबरोसमोर सोव्हिन्यों ब्लां. एकाला एक. आणि सगळ्यात खाली नाशिक, त्याच्यासमोर सहा नावं स्वल्पविराम देत देत आणि शेवटी वर "इ." पण लिहिलंय. परवा मुंबईच्या एक काकू तो तक्ता वाचून म्हणाल्या, म्हणजे तुमचं अजून ठरलेलं नाही वाटतं? मी हसून वेळ मारून नेली.

तर विचारायचं असं की हे ठरवतं कोण? माती ठरवते, सरकार ठरवतं की कंपनी? दुसरं म्हणजे फ्रान्सच्या बाटलीवर द्राक्षाचं नावच नसतं, गावाचं असतं, मग गिऱ्हाइकाला कळतं कसं? आणि तिसरा प्रश्न माझ्या वडिलांचा, ते म्हणतात एवढी थॉमसन पडलीय जिल्ह्यात, तिचीच करा ना वाइन, परदेशातल्या जाती कशाला पाहिजेत. याचं उत्तर मला नाय देता आलं.

तर्री_जास्त:

नाशिकचं द्राक्ष म्हणजे व्यापाऱ्याने ज्याचा चेक दिला आणि तो वटला ते 😄 बाकी चालू द्या, वाचतोय.

सेलारवाली:

मी प्रॉडक्शनला आहे, टाक्या आणि पाइप धुण्यात आयुष्य चाललंय, पण प्रश्न आवडला म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तो तक्ता थोडा बाजूला ठेवा. एकाला एक असं जे दिसतं ते बऱ्याच ठिकाणी तसं नाहीये. फ्रान्सच्या बोर्डोचंच घ्या, सगळे कॅबरने कॅबरने करतात पण तिथे सगळ्यात जास्त लागवड मर्लो या द्राक्षाची आहे. जिरोंदच्या डाव्या अंगाला मेदोकमध्ये गोटेवाली जमीन, पाणी पटकन निचरतं, जमीन तापते, तिथे उशिरा पिकणारं कॅबरने सोव्हिन्यों नीट तयार होतं. उजव्या बाजूला सेंत एमिलियों, पोमरोल इकडे चिकणमाती आणि चुनखडी, जमीन गार, तिथे मर्लो, कारण ती लवकर पिकते. आणि दोन्ही मिसळून वाइन करतात त्यामागे चवीइतकंच पावसाचं गणित आहे. अटलांटिक जवळ आहे, ऑक्टोबरच्या तोंडाला पाऊस आला तर मर्लो आधीच घरात आलेली असते, निदान निम्मा माल तरी वाचतो. आपल्याकडे एकच शेतकरी अर्धी बाग आगाप छाटतो आणि अर्धी मागास (म्हणजे उशिरा), तोच हिशोब.

आता ठरवतं कोण. कधी माती, कधी चक्क राजा. बर्गंडीत १३९५ साली तिथल्या ड्यूक फिलिपने हुकूम काढला की गामे नावाचं द्राक्ष उपटून टाका, त्याला भरपूर माल यायचा पण वाइन हलकी व्हायची. पिनो न्वार राहिलं, गामे खाली दक्षिणेला बोजोलेत गेलं आणि तिथल्या ग्रॅनाइटच्या जमिनीत मस्त रमलं. माल्बेक मूळचं फ्रान्सचं, काओर भागातलं. १८५३ च्या सुमारास अर्जेंटिनात नेलं, मेंडोझात उंची, कोरडी हवा, अँडीजच्या बर्फाचं पाणी, तिथे ते असं काही आलं की आज जग त्याला अर्जेंटिनाचंच समजतं. तिकडे बोर्डोत १९५६ च्या फेब्रुवारीत कडाक्याची थंडी पडली त्यात माल्बेकच्या बागा मेल्या आणि लोकांनी परत लावल्याच नाहीत. न्यूझीलंडच्या मार्लबरोचं तर अजून मजेशीर, तिथे आधुनिक लागवड सुरू झाली १९७३ साली! तोवर तिथे मेंढ्या चरायच्या. म्हणजे "परंपरा" म्हणून जे सांगतात ते कधी सहाशे वर्षांचं असतं आणि कधी आपल्या वडिलांच्या वयाचं. त्या काकूंना हे सांगा, ठरायला वेळ लागतो म्हणावं.

बाटलीवरच्या नावाचं: फ्रान्समध्ये १९३५ पासून एओसीचा (गावाचं नाव कोणत्या वाइनला लावायचं त्याचा) कायदा आहे, त्यात गावाच्या नावाबरोबरच कोणती जात लावायची, एकरी किती माल घ्यायचा, कशी वाइन करायची हे सगळं बांधलेलं. त्यामुळे शाब्ली लिहिलं की शार्दोने, दुसरं काही असूच शकत नाही. पांढरी सांसेर म्हणजे सोव्हिन्यों ब्लां. व्हूव्रे म्हणजे चेनिन ब्लां. उत्तर रोनमधली लाल एर्मिताज म्हणजे सिरा, म्हणजे आपलं शिराझच. अल्सासवाले तेवढे अपवाद, ते द्राक्षाचं नाव ठळक टाकतात. अमेरिका, ऑस्ट्रेलियाकडे असे कायदे नव्हते म्हणून त्यांनी सरळ जातीच्या नावाने माल विकला आणि आपण त्यांच्या मागून गेलो. "नाशिक व्हॅली वाइन" ला जीआय (भौगोलिक नावाची सरकारी नोंद) आहे, पण आपला जीआय एओसीसारखा एकाच जातीला बांधलेला नाही, सहा नावं आणि "इ." त्यातूनच आलंय.

खरड_छाटणी:

ताईंनी पुस्तकी बाजू झकास सांगितली, आता बांधावरचं ऐका. मी दिंडोरी तालुक्यात चेनिन आणि थोडं शिराज करतो, कंपनीबरोबर करार आहे, बाकी रान थॉमसन.

आपली मूळ भानगड ही की नाशिक २० अक्षांशावर, आणि बर्गंडी ४७ च्या आसपास. तिकडे हिवाळ्यात वेल झोपते, पानं गळतात, बर्फ पडतो, वसंतात आपोआप फुटते. आपली वेल झोपतच नाही हो, बारा महिने हिरवी राहायला बघते, म्हणून दोन छाटण्या. एप्रिलला खरड छाटणी, त्यावर काडी तयार करायची, त्या काडीच्या डोळ्यातच सूक्ष्म घडनिर्मिती होते, मग पावसाळा काढायचा डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांशी मारामारी करत, आणि सप्टेंबर ऑक्टोबरला गोडी छाटणी. ती झाली की डोळ्याला डॉर्मेक्स (डोळे फुटायचं औषध) लावायचं, बायामाणसं हातमोजे घालून एकेक काडी पुसत जातात, नाहीतर शेंड्याचे दोन डोळे फुटतात आणि खालचे तसेच बसतात. बोर्डोवाल्याला हे सांगितलं तर त्याला खरं वाटणार नाही.

आता मुद्द्याचं. तिकडे द्राक्ष पिकतं तेव्हा उन्हाळा संपत आलेला असतो, हवा दिवसेंदिवस गार होत जाते, त्यामुळे आंबटपणा मण्यात टिकून राहतो आणि सावकाश पिकतं. आपलं बरोब्बर उलटं. जानेवारीत निफाडला पारा पार खाली, पेपरात फोटो येतात, आणि फेब्रुवारी सरता सरता दुपारी ३२-३३, मार्चमध्ये विचारूच नका. म्हणजे आपलं द्राक्ष थंडीतून उन्हात पिकत जातं. एक आठवडा तोडणी लांबली की साखर वर आणि आंबट खाली. मग अशा हवेत काय लावणार, तर जे उन्हातही आंबट सोडत नाही ते, आणि ते म्हणजे चेनिन. वर माल पण देतं. सोव्हिनॉन ब्लँक पण येतं पण ते आणखी लवकर तोडावं लागतं, वास उडून जातो. पिनो बिनो आपल्याकडे बघायचं काम नाही, पातळ सालीचं नाजूक प्रकरण, ते स्पार्कलिंगला (फेसाळ वाइनला) लवकर तोडून नेतात तेवढंच.

आणि करार बिरार ऐकायला गोड असतो. खरंय, वाइनच्या बागेला जीएच्या (मणी फुगवायच्या औषधाच्या) बुडवण्या नाहीत, थिनिंग (विरळणी) नाही, पेपर लावणं नाही, मजुरी निम्म्याच्या खाली. पण एक साल माझ्या चेनिनची साखर कंपनीला पाहिजे तेवढी झालेली, फोन केला तर म्हणे टाकी रिकामी नाही, थांबा. थांबलो. मणी सुकायला लागले, घड हातात घेतला की हलका लागायचा, आणि पैसे किलोवर. थॉमसन असती तर गाडी भरून पिंपळगावला नेली असती, नाहीतर बेदाणा केला असता. चेनिनचा बारीक मणी, आत बी, बाजारात कुत्रं विचारत नाही. एकच गिऱ्हाईक, तो म्हणेल ती पूर्व.

कॉलेजरोड:

@खरड_छाटणी दादा थंडीतून उन्हात पिकतं हा मुद्दा भारी आहे, पण निष्कर्ष नाय पटला. तुमच्याच लॉजिकने चाललो तर आपण फ्रान्सच्या वरच्या भागाकडे बघूच नये, गरम प्रदेशांकडे बघावं. सिसिली, स्पेन, दक्षिण रोन. रेवेलो वायनरीने निफाडजवळ कुंदेवाडीला नेरो दाव्होला आणि ग्रिलो लावलं, दोन्ही सिसिलीची. अशा लोकांचं कौतुक कोणी करत नाही, सगळे आपले सोव्हिन्यों ब्लां घेऊन फोटो काढतात.

आणि ठरवतं कोण याचं माझं उत्तर: सल्लागार. जो सल्लागार आला त्याच्या देशाची द्राक्षं आली. सुला वायनरीला कॅलिफोर्नियाचे केरी डॅम्स्की होते, म्हणून नाशिकमध्ये झिनफँडेल दिसतं, नाहीतर आपला आणि झिनफँडेलचा काय संबंध? कर्नाटकात नंदी हिल्सला ग्रोव्हर वायनरीने बोर्डोचे मिशेल रोलाँ आणले, त्यांची ला रिझर्व वाइन बघा, कॅबरने आणि शिराझ. अकलूजला फ्रातेल्ली वायनरीकडे इटलीतल्या टस्कनीचे पिएरो मासी, तर तिथे सांजोवेझे, जे टस्कनीतल्याच कियांती वाइनचं द्राक्ष. माती बिती नंतर, आधी विमानाचं तिकीट.

दुसरं म्हणजे "नाशिक" असं एक काही नाहीच. इगतपुरीला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, निफाडला त्याच्या पाव हिस्सापण नाही. दिंडोरीत मुरमाड उताराच्या जमिनी, निफाडला काळी कसदार, त्यात वेल नुसती पानं काढत बसते. एकाच तालुक्यात दोन टोकांना वेगळं पिकतं आणि आपण जिल्ह्याला एक द्राक्ष शोधतोय.

माझं मत विचाराल तर लालमध्ये शिराझ. जाड साल, ऊन सोसतं, काळी मिरीचा वास येतो. कॅबरनेपेक्षा लवकर तयार होतं. नाशिकची बरीच कॅबरने मला हिरव्या ढोबळी मिरचीसारखी लागते.

सेलारवाली:

सल्लागारवाला मुद्दा अर्धा मान्य. सल्लागार सुचवतो, पण जे टिकलं ते हवेमुळे टिकलं. सुलाने २००० साली पहिल्या वाइन काढल्या त्या चेनिन आणि सोव्हिन्यों ब्लांच्याच, आणि दोन्ही आजही चालतात. झिनफँडेलचं तसं नाही, त्याच्या एकाच घडात काही मणी कच्चे, काही बेदाण्यासारखे, तोडायचं कधी हेच कळत नाही. आमच्याकडे ज्या दिवशी झिनफँडेल येतं त्या दिवशी सॉर्टिंग टेबलावरच्या मावश्या आधीच तोंड वाकडं करतात.

ढोबळी मिरचीचं म्हणाल तर तो वास कॅबरनेच्या रक्तातच आहे, आई सोव्हिन्यों ब्लां आणि बाप कॅबरने फ्रांक, १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात डीएनए तपासून हे सिद्ध झालं. द्राक्ष पूर्ण पिकलं आणि घडावर ऊन पडलं की तो वास कमी होतो. आपल्याकडे साखर आधी धावते आणि साल, बी मागे राहतात, कंपनी साखर बघून तोडते, म्हणून मिरची. दोष जातीचा नाही, घाईचा आहे.

आणि चेनिनबद्दल एक, कॉलेजरोड साहेबांनी गरम प्रदेश म्हटलं म्हणून. जगात सगळ्यात जास्त चेनिन फ्रान्समध्ये नाही, दक्षिण आफ्रिकेत आहे.

मोहाडीकर:

ताई, दादा, सगळ्यांचे आभार, अर्धं तर मी वहीत उतरवून घेतलंय. पण थॉमसनचं राहिलंच की. वडील हे वाचताहेत माझ्या फोनवर.

सेलारवाली:

काकांना नमस्कार सांगा. वाइन होते थॉमसनची, होत नाही असं नाही. कॅलिफोर्नियात एके काळी स्वस्त पांढऱ्या वाइनमध्ये टनावारी थॉमसन जायची. पण तिला स्वतःचा वास नाही, खाताना तेच बरं वाटतं, वाइनमध्ये मात्र गोड पाणी आंबवल्यासारखं होतं.

बाकी सगळं गणित मण्याच्या सालीचं आहे. वास सालीत, रंग सालीत, लाल वाइनचा तुरटपणा सालीत आणि बीत. काळं द्राक्ष पिळलं तरी रस बहुतेक वेळा पांढराच निघतो, रंग येतो तो सालीसकट आंबवल्यामुळे. तुम्ही थॉमसनला जीए देऊन मणी १८ मिलिमीटरपर्यंत फुगवता, एक्सपोर्टवाल्याला तेच पाहिजे, पण मणी जितका मोठा तितकी साल कमी आणि पाणी जास्त. चेनिनचा मणी त्यापुढे वाटाण्याएवढा. शिवाय साखर. खायचं द्राक्ष १७-१८ ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) तोडलं की छान लागतं, त्यातून अल्कोहोल येणार जेमतेम १० टक्के. आम्हाला २२-२३ लागतं, मग १२-१३ टक्क्यांपर्यंत जातं. काकांच्या मालाला खाणारा आहे, त्याची वाइन करून भाव पाडून घेण्यात अर्थ नाही.

तर्री_जास्त:

म्हणजे थॉमसन ताटात आणि चेनिन ग्लासात. एक शंका, वाइनच्या वेली पण डॉगरीज खुंटावरच (खालचं मूळ, ज्यावर कलम करतात) असतात का? आमच्या मामांकडे खायच्या द्राक्षाला सगळं डॉगरीजच आहे.

खरड_छाटणी:

माझं शिराज डॉगरीजवर होतं, नुसता पाला. डॉगरीज आपल्याकडे आलं ते खारट पाणी आणि दुष्काळ सोसतं म्हणून, जोर फार करतं, खायच्या द्राक्षाला ठीक. वाइनला वेल जरा दमात ठेवावी लागते म्हणून चेनिनला ११० आर हा खुंट वापरलाय, पुण्याजवळच्या मांजरीचे द्राक्ष संशोधन केंद्रवाले पण वाइनला तेच सांगतात. आणि हे अमेरिकन खुंट आपल्याकडेच असतात असं समजू नका, फ्रान्समध्ये १८६० च्या दशकात फिलोक्झेरा नावाच्या किड्याने मुळं खाऊन बागाच्या बागा संपवल्या, तेव्हापासून तिकडे पण खाली अमेरिकन खुंट आणि वर त्यांची जात.

आता सगळे जाणकार इथे आहेत तर माझंच एक विचारतो. कंपनी म्हणते करार वाढवू, पण एक एकर चेनिन कापून त्यावर कॅबरनेटचं पाचर कलम (जुन्या खोडावर नव्या जातीची काडी बसवणं) करा, लालला मागणी आहे. एक सीझन तर गेलाच, पुढचा पण धड येईल की नाही. २००८ नंतरची मंदी बघितलीय मी, सरकारचं २००१ चं धोरण आलं तेव्हा सगळे वाइनच्या मागे पळाले, विंचूरला वाइन पार्क झाला, आणि मग माल पडून राहिला तेव्हा आमच्या शेजाऱ्याने उभी बाग तोडली. करू का नको?

कॉलेजरोड:

कॅबरने नका करू दादा, शिराझ करा 😀

सेलारवाली:

दादा, मी कंपनीच्याच बाजूला बसते तरी सांगते. तुमची जमीन उताराची मुरमाड असेल तर कॅबरने येईल, काळी असेल तर आत्ताच नाही म्हणा. पण त्याच्या आधी तीन गोष्टी कागदावर घ्या. कलमाच्या वर्षी जे उत्पन्न बुडेल त्याची भरपाई कोण देणार, किमान दर किती वर्षांचा, आणि साखर ठरलेल्या आकड्याला आली की किती दिवसांत तोडणी झालीच पाहिजे, नाही झाली तर वजनाची घट कंपनीची. तिसरी अट टाकायला ते कुरकुर करतील, तिथेच अडून राहा. आणि अख्खा एकर देऊ नका, दहा गुंठ्यावर करून बघा, मार्चमध्ये मण्याची बी चावून बघायची, तपकिरी आणि कुरकुरीत झाली का ते. हिरवी राहत असेल तर राहिलेल्या चेनिनला हात लावू नका.

खरड_छाटणी:

दहा गुंठे ठीक वाटतंय. सोमवारी त्यांचा माणूस येतोय बागेत, तेव्हा कागदाचं बोलतो. जमीन वरच्या अंगाला मुरमाड आहे, खाली ओढ्याकडे काळी, म्हणजे कलम वरच करायला लागेल, पाइपलाइन तेवढी वाढवावी लागेल.